सातशे बेचाळीसची ओळ

काळ्या समुद्राच्या काठी, बाटुमीच्या वर,
डोंगर पाण्याला इतका खेटून उभा
की आभाळालाही वाट अरुंद होते,
तिथल्या टेकडीवर आम्ही नऊ जण, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत.
एस्टोनियाची पोरगी अंगठ्याने मोजणीयंत्र दाबते:
टक् टक् टक्. मधुबाज. मधुबाज. मधुबाज.
सकाळपासून चार हजार दोनशे.
माझ्या वहीत मधुबाज एकच.
एकदा लिहिला की लिहिला.

तेहतीस वर्षं कोषागारात काढली मी.
न जुळलेला रुपया रात्री उशाशी येऊन बसायचा.
निवृत्तीनंतर वही बदलली, हात तोच:
अनुक्रमांक, नाव, गाव, वेळ, शेरा.
सातशे एक्केचाळीस भरलेले.
पुढची ओळ विमानातच आखून ठेवली होती.

मग पाऊस.
दोन दिवस ना डोंगर, ना समुद्र.
नाझिब्रोलाच्या ओसरीवर हेझलनटची पोती,
सोलत बसलो दोघी.
ती तिच्या भाषेत बोले, मी माझ्या,
आणि सुनांच्या बाबतीत
आमचं पूर्ण एकमत झालं.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ एन्वेर
ओसाड चहामळ्यामागे घेऊन गेला. काटक्यांची खोपी, समोर जाळं.
आणि काठीच्या टोकाला, दोरीने बांधलेला,
डोळ्यांवर चामड्याची इवली झापडं,
तांबड्या पाठीचा खाटीक.

हाच.
ह्याच्यासाठी तीन भादवे
मी कच्छच्या बाभळी पालथ्या घातल्या होत्या.
आता दुर्बीणही नको, हात लांबवला तर पोचेल.
एन्वेर काठी हलवी, तो पंख फडफडवी,
वरून जाणाऱ्या बाजाला वाटावं, आयता घास.
नियम मला पाठ आहे:
पक्षी जिवंत हवा, रानातला हवा, मोकळा हवा.
दोन अटी जमल्या. तिसरीला दोरी.

जाळं हललं, इतकंच मला दिसलं.
मग एन्वेरच्या मुठीतून एक डोकं बाहेर:
स्पॅरोहॉक, मादी.
माझ्याकडे ती एकशे अठरावी. भरतपूर,
जानेवारी, सकाळी सात दहा. शेरा: ‘झाडीतून गेली.’

झाडीतून गेली!
एकोणीस वर्षं ती माझ्या नावावर जमा आहे
आणि मला माहीत नव्हतं
की तिचं मधलं बोट विणायच्या सुईएवढं बारीक असतं,
की छातीवरचे पट्टे कुणी घाईत ओढल्यासारखे, सरळ नसतात,
की ती रागावली की सगळं अंग
त्या पिवळ्या डोळ्यात येऊन बसतं.

लावे धरायला ठेवणार, थंडी पडली की सोडणार,
नातवाने इंग्रजीत सांगितलं.
‘आजवर किती पकडल्या?’ मी विचारलं. दुसरं काय विचारणार?
म्हातारा बोटांवर मोजू लागला, एकेकीचं नाव घेत,
आणि आठव्या नावाशी अडला.
ती सोडल्यावर गेलीच नव्हती म्हणे,
तीन दिवस गोठ्याच्या पत्र्यावर बसून राहिली,
त्याची बायको खाली उभी राहून तिला शिव्या देत होती.
मोजणी तिथेच राहिली.

निघताना मी खाटकाकडे बोट दाखवलं.
एन्वेरने झापडं वर केली.
त्याने मला पाहिलं. मी त्याला आधीच पाहिलं होतं.
झापडं पुन्हा खाली.

संध्याकाळी टेकडीवरून पोरं ओरडतच उतरली:
‘कुठे होतात तुम्ही?
लेसर स्पॉटेड ईगल, दोनशे सोळा, अगदी डोक्यावरून!’
मला तो नवा होता. उद्या पहाटे माझं विमान.

रात्री वही उघडली.
सातशे बेचाळीस कोरी.
खाटकाला कुठलाच रकाना नाही.
पानं मागे उलटत एकशे अठरावर आले,
‘झाडीतून गेली’ एका रेघेने खोडलं,
खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली
आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं.
रकाना संपला. समास संपला.
ओळी खाली घसरत गेल्या
आणि एकशे एकोणिसाव्या सारसाच्या पायांत अडकल्या.